पऱ्हाटी आणि पिशवी : एका भट्टीत चालेल, एका चुलीत नाही



पावसाळ्यात तापीला पूर येतो आणि ओसरतो. पाणी खाली गेल्यावर बऱ्हाणपूरच्या राजघाटावर जाऊन पाहावे. पायऱ्यांच्या सांदीत वाहून आलेली लाकडे, काटक्या आणि कपाशीच्या काड्या अडकलेल्या असतात आणि त्या प्रत्येक काटकीला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली असते. काटकी ओढली तर पिशवी येते, पिशवी ओढली तर काटकी येते. नदीने दोघांची अशी गाठ मारलेली असते की ती सोडविण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. ढीग सुकला की त्याला काडी लावली जाते.

घाटावरचा हा ढीग आपल्याच शेतातून आणि घरातून गेलेला असतो. केळीच्या घडाला घातलेली पिशवी, फाटलेला मल्चिंग पेपर, ठिबकच्या काळ्या नळ्या, खताच्या गोण्या, औषधाच्या बाटल्या हे सारे एका बाजूला. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, बांधावरच्या बाभळीच्या फांद्या दुसऱ्या बाजूला. हंगाम संपला की दोन्ही बांधावर एकत्र येतात आणि एकत्रच पेटतात.

अलीकडे आमच्या कानी एक गोष्ट आली. लाकूड आणि प्लॅस्टिक एकत्र घालून त्यांचे तेल काढता येते आणि शास्त्रज्ञ त्यावर प्रयोग करीत आहेत. हे ऐकून काही बांधवांनी आम्हांस विचारले, “मग आम्ही ते एकत्र जाळतो त्यात चुकले काय? आणि असे तेल आपल्या मळ्यात काढता येईल काय?” प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर या लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आधी चुलीकडे पाहू

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी आपली चूक सांगावी. आमच्या घरीही कित्येक वर्षे चूल पेटविताना काड्यांखाली दुधाची रिकामी पिशवी सरकविली जात असे. रॉकेल महाग आणि लाकूड ओले. पिशवी मात्र चटकन पेट घेते. धूर काळा निघे, घशाला ओरखडे येत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा खोकला वाढला की आम्ही हवेला दोष देत होतो.

चुलीचा नुसता लाकडाचा धूरही निरुपद्रवी नाही. घरातील धुरामुळे 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या पदराशी असलेली मुले यांना सर्वांत जास्त त्रास. या धुरात प्लॅस्टिकची भर पडली की काजळी वाढते. थर्माकोल जळताना डोळे आणि घसा चुरचुरविणारी वाफ निघते. पीव्हीसी जळाले तर मिठाच्या तेजाबाची वाफ होते आणि धुरात डायॉक्सिन नावाचे विष तयार होते. हे विष हवेतून चाऱ्यावर बसते, चाऱ्यातून दुधात उतरते आणि अंगात गेल्यावर वर्षानुवर्षे चरबीत साठून राहते. म्हणजे बांधावर पेटविलेला पाईप आपल्याच ताटात परत येतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. चुलीत किंवा बांधावर दोन्ही एकत्र जाळणे ही चूकच आहे. भट्टीत जे घडते ते जाळणे नव्हे.

जाळणे आणि कोंडून तापविणे

वस्तू जळते तेव्हा तिला हवा मिळते, ज्योत होते आणि शेवटी राख उरते. तीच वस्तू बंद भांड्यात, हवा न लागू देता तापविली तर ती पेटू शकत नाही. ती आतल्या आत फुटते. तिच्यातून वाफा निघतात. त्या थंड केल्या की तेल मिळते, न गोठणारा वायू ज्वलनाला उपयोगी पडतो आणि भांड्यात कोळसा उरतो. या कोंडून तापविण्यालाच पायरोलिसिस म्हणतात.

नाव नवे असले तरी रीत जुनी आहे. ठाणे-कुलाब्याच्या रानात कातकरी बांधव लाकडाचा ढीग मातीने लिंपून कोळसा पाडीत, ती हीच रीत. फरक एवढाच की त्यांच्या भट्टीतील वाफा आभाळात जात. भद्रावतीच्या लोखंड कारखान्यात 1920 च्या दशकात या वाफा पकडून लाकडापासून डांबर आणि मद्यार्कासारखी रसायने काढली जात होती.

प्लॅस्टिकलाही असेच कोंडून तापविता येते. ते मुळात खनिज तेलापासूनच झालेले असल्यामुळे पुष्कळसे पुन्हा तेलात उतरते.

दोघांना एकत्र कशासाठी आणावयाचे?

येथे थोडा हिशेब समजून घ्यावा लागेल. वाळलेल्या लाकडात वजनाने सुमारे निम्मा कार्बन, 40 टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन आणि अवघा 6 टक्के हायड्रोजन असतो. जळणाचा जोर कार्बन आणि हायड्रोजनमुळे येतो. ऑक्सिजन म्हणजे आधीच अर्धे जळून गेलेले जळण. म्हणून लाकडाचे तेल पाणचट आणि आंबट निघते. लोखंडी टाकीत ठेवले तर टाकी खाते, काही महिने ठेवले तर घट्ट होते. त्याच्या एका किलोत डिझेलच्या निम्म्याहूनही कमी उष्णता असते.

पिशवीचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिथिन, याच्या उलट आहे. त्यात सुमारे 86 टक्के कार्बन, 14 टक्के हायड्रोजन आणि ऑक्सिजन शून्य. त्याच्या किलोमागे जवळजवळ डिझेलइतकी उष्णता. परंतु ते एकटे तापविले तर पुष्कळदा मेणासारखा घट्ट माल निघतो आणि नळ्या तुंबतात.

एकाकडे हायड्रोजनची तूट आहे, दुसऱ्याकडे भरपूर साठा आहे. दोघांच्या वाफा गरम असतानाच एकमेकींना भेटल्या, तर प्लॅस्टिकचा हायड्रोजन लाकडाच्या वाफेतील ऑक्सिजनला पाण्याच्या रूपाने बाहेर काढण्यास मदत करतो. तेल कमी आंबट होते आणि त्याचा जोर वाढतो. संयुक्त पायरोलिसिसचे सारे मर्म एवढेच आहे. देशोदेशींच्या प्रयोगशाळांत 500 ते 600 अंशांच्या आसपास असे प्रयोग झाले आहेत. जिओलाइट नावाचे उत्प्रेरक खनिज वापरले तर गुण आणखी चांगला येतो. मात्र लाकूड कोणते, प्लॅस्टिक कोणते, कोणाचे प्रमाण किती आणि किती वेगाने तापविले यावर निकाल बदलतो. कधी फायदा मोठा दिसतो, कधी नुसती दोघांची बेरीज हाती येते.

फलटण आणि जेजुरी

आपल्या मुलखात ही जोडभट्टी गावोगाव चालू झालेली नाही. परंतु तिचे दोन अर्धे भाग महाराष्ट्रात वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहिले आणि दोन्हींपासून शिकण्यासारखे आहे.

पहिला अर्धा भाग लाकूडफाट्याचा. पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने फलटण भागात उसाच्या पाचटाचा प्रश्न हाती घेतला. ऊस तुटला की पाचट शेतातच जाळले जाई. संस्थेने विटांच्या भट्टीत पिंपे बसविली. पिंपांत पाचट कोंडून भरावयाचे आणि बाहेरून आच द्यावयाची. पाचट तापले की त्यातून निघणारा वायू भट्टीतच जळतो आणि तोच पुढची आच देतो. उरलेल्या कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडल्या. संस्थेच्या सराई कुकरमध्ये अशा 100 ग्रॅमच्या आसपास कांड्यांवर छोट्या कुटुंबाचा वरणभात धुरावाचून शिजतो. या कामाला 2002 साली इंग्लंडचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला.

दुसरा अर्धा भाग प्लॅस्टिकचा. एका हरणाच्या पोटात प्लॅस्टिक सापडल्याच्या बातमीने अस्वस्थ होऊन पुण्याच्या डॉ. मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी 2010 च्या सुमारास प्रयोग सुरू केले. पहिला प्रयोग चक्क प्रेशर कुकरमध्ये झाला. (वाचकांनी हे घरी मुळीच करून पाहू नये, स्फोट होईल.) पुढे त्यांच्या ‘रुद्र’ कंपनीने जेजुरी येथे प्लॅस्टिकपासून इंधन काढण्याचा प्रकल्प उभारला. पुण्यातील घराघरांतून धुऊन, सुकवून, साठविलेले प्लॅस्टिक त्यासाठी गोळा होऊ लागले. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनेही 2019 साली रोज एक टन प्लॅस्टिकचे डिझेल करणारा प्रकल्प सुरू केला. एका टनातून 800 लिटरपर्यंत डिझेल मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले होते.

फलटणच्या भट्टीत फक्त पाचट जाते. जेजुरीला प्लॅस्टिक यंत्रात पडण्यापूर्वी कोणीतरी आपल्या मोरीत ते धुतलेले असते. भट्टी कोणतीही असो, काम सुरू होते ते निवडण्यापासून.

आपल्या मळ्यात का नको?

आता दुसरा प्रश्न. पिंपात पऱ्हाट्या आणि पिशव्या एकत्र कोंडून तापविल्या तर काय होईल?

लाकूड 200 अंशांच्या पुढे फुटू लागते आणि 400 पर्यंत त्याचा बहुतेक कारभार आटोपतो. पॉलिथिन त्याच सुमारास नुसते वितळलेले असते. ते फुटू लागते 400 च्या पुढे. म्हणजे पिंपात लाकडाच्या वाफा आधी निघून जातात आणि प्लॅस्टिकच्या मागून येतात. दोघांची भेटच होत नाही. उलट वितळलेले प्लॅस्टिक कोळशावर लेपासारखे बसते. तो कोळसा जाळण्याच्या लायकीचा नाही आणि शेतात टाकण्याच्याही नाही, कारण प्लॅस्टिकमधील रंग आणि धातूंचे अंश त्यात राहतात. दोघांना योग्य वेळी भेटविण्यासाठी झटपट आणि मोजून आच देणारे यंत्र लागते, आणि ते चालविणारा जाणता माणूस लागतो.

दुसरा धोका स्फोटाचा. तापलेल्या वाफांत जरा हवा शिरली की भडका होतो. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात जुन्या टायरांचे तेल काढणारे कारखाने आहेत. तिथे अपघात होऊन गरीब मजूर दगावले आहेत.

म्हणून कोणी ‘कचऱ्यापासून डिझेल’ काढण्याचे यंत्र विकावयास आला, तर पैसे मोजण्यापूर्वी त्याला पाच प्रश्न विचारावेत. यंत्राला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती मिळाली आहे काय? पीव्हीसी आत गेले तर तेजाबाची वाफ कोठे पकडली जाते? न गोठणारा वायू कोठे जळतो? उरलेल्या काजळीचे काय करावयाचे? तेलाची तपासणी कोणत्या प्रयोगशाळेने केली? यांपैकी एकाचेही उत्तर नीट मिळाले नाही, तर हात जोडावेत. बाटलीत दाखविलेले पिवळे तेल म्हणजे डिझेल नव्हे. त्यात पेट्रोलसारखा चटकन पेटणारा भागही असतो. तपासल्याशिवाय ते कंदिलात, स्टोव्हमध्ये किंवा पंपात घालू नये.

मग आपण करावे काय?

गाठ सोडवावी. पऱ्हाटी एकीकडे, पिशवी दुसरीकडे. दोघांची वाट निराळी आहे.

पऱ्हाटीची वाट. वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत. त्यांवर राहिलेल्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या पिकावर येते. म्हणूनच त्या जाळण्याची घाई होते. त्याऐवजी त्या उपटून, वाळवून कोळसा पाडता येतो. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, जिला ‘क्रीडा’ म्हणतात, 200 लिटरच्या साध्या पिंपाची भट्टी यासाठी तयार केली आहे. पिंपाच्या तळाला भोके पाडलेली असतात. पिंप तीन दगडांवर ठेवून वाळलेल्या, तोडलेल्या काड्यांनी भरावे आणि पेटवावे. दाट पांढरा धूर विरळ निळसर झाला की पिंप सपाट जमिनीवर उतरवावे, झाकण घालून कडा मातीने लिंपाव्यात आणि तळाशीही माती लोटावी. दुसऱ्या दिवशी पिंपाला हात लावून ते थंड आहे याची खात्री करूनच उघडावे. गरम उघडले तर कोळसा पेटतो. 100 किलो वाळलेल्या काड्यांतून 20 ते 25 किलो कोळसा मिळतो.

या रीतीत थोडा धूर होतोच. म्हणून पिंप घरापासून आणि गोठ्यापासून दूर, वारा पाहून लावावे. केळीचे खांब मात्र भट्टीत घालू नयेत. त्यांत नऊ दशांश पाणी असते, ते सुकविण्यातच सारे जळण जाईल. खांबांचे तुकडे करून खत करावे, हेच बरे.

हा कोळसा शेतात घालावयाचा असेल तर आधी कुटून शेणखताच्या खड्ड्यात मुरवावा. तो खार धरणारा आहे आणि आपली काळी जमीनही बहुधा त्याच बाजूची, म्हणून माती तपासून थोड्या पट्ट्यावर आधी करून पाहावे. शेगडीत वापरावयाचा असेल तर खिडकी-दार उघडे ठेवावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठलेली नाहीत. त्या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो.

पिशवीची वाट. घरी दोन पोती ठेवावीत आणि एका बादलीची परीक्षा शिकून घ्यावी. प्लॅस्टिकचा स्वच्छ तुकडा पाण्यात बुडवून, त्यावरचे बुडबुडे पुसून सोडून द्यावा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्याने तरंगतात. दुधाची पिशवी, मल्चिंग पेपर, ठिबकची काळी नळी आणि गोणी ही त्या जातीची. पीव्हीसीचा पाईप आणि पाण्याची बाटली, म्हणजे पेट, हे बुडतात. ठिबकच्या संचात काळी नळी तरंगणारी, पण तिला पाणी देणारा करडा पाईप बहुधा पीव्हीसीचा, बुडणारा, हे ध्यानात ठेवावे. तेलाच्या भट्टीत पीव्हीसी तेजाब सोडते आणि पेटचा चुरा नळ्यांत साचतो. म्हणून बुडणारे वेगळे ठेवावे. थर्माकोल फुगलेला असल्याने तरंगतो. त्याला ही परीक्षा लागू नाही, तोही वेगळाच ठेवावा.

तरंगणाऱ्या पोत्यातील माल माती झटकून, धुऊन, सुकवून भंगारवाल्यास द्यावा. नळीपासून पुन्हा दाणा होतो. तेल करण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. ज्याचा दाणा होत नाही अशा फाटक्या, पातळ मालासाठीच तेलाची भट्टी. औषधाच्या बाटल्या मात्र यांत मिसळू नयेत. त्या तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे आणि बाटलीला भोक पाडून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी निराळी ठेवावी.

एकट्या शेतकऱ्याचे पोते लहान असते, त्यासाठी कोणी गाडी पाठवीत नाही. वस्तीतल्या वीस-पंचवीस घरांनी एका छपराखाली जमा केले तर पंचायतीशी किंवा भंगारवाल्याशी बोलता येते. हंगाम संपताना, घडांच्या पिशव्या उतरताना आणि मल्चिंग निघताना, वर्षातून दोनदा हे करावे. सणाच्या जेवणावळीनंतर उरणाऱ्या पत्रावळ्या आणि पेले यांनाही हाच नियम लावावा.

उघड्यावर कचरा जाळल्यास 5000 रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा 2016 सालचा आदेश आहे. परंतु दंडाच्या भीतीने चूल बदलत नाही. ज्या घरात म्हातारे माणूस खोकते किंवा तान्हे मूल चुलीपाशी निजते, त्या घराने आधी बदलावे, इतकेच आमचे मागणे आहे.

लाकूड आणि प्लॅस्टिक यांना एकत्र आणणारी चांगली भट्टी पुढे आपल्या तापीकाठी येऊ शकेल. पऱ्हाटीची येथे वाण नाही आणि केळीमागे प्लॅस्टिकही पुष्कळ आहे. पण ती आली तरी तिला माल निवडलेला आणि सुकलेलाच लागेल. चिखलाने माखलेला गुंता कोणतीच भट्टी घेणार नाही. आज रात्री चूल पेटविताना काड्यांखालची पिशवी काढून बाजूला ठेवावी. पहिले पोते तिच्यापासूनच भरू लागेल.